कोरडी वाळू : लग्नघरात लघवी तुंबलेल्या एका बोक्याचं प्रकरण

ढब्या साडेचार वर्षांचा, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, नसबंदी झालेला बोका. राहायला लातूरला, गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका जुन्या घरात. घरात आजी, त्यांचा मुलगा आणि सून, लग्न ठरलेली नात आणि बारा वर्षांचा नातू. घर माळकरी, त्यामुळे मांस-मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. नातवाने शाळेच्या वाटेवरून शर्टात घालून आणलेलं हे पिल्लू त्या घरात टिकलं ते दुकानातल्या कोरड्या खाद्याच्या आधारावर. गेल्या मे महिन्यात मी त्याला टेबलावर घेतलं तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं आणि हृदयाचे ठोके मोजायला घाई करावी लागत नव्हती, इतके ते संथ झाले होते. तो वाचला. पण त्या अवस्थेला तो पोचला त्यात माझाही वाटा होता, म्हणून हे प्रकरण पहिल्या फोनपासून लिहितो आहे.

मी मुळात गुराढोरांचा डॉक्टर. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पुढे सगळी वर्षं देवणी आणि लाल कंधारी गायी, म्हशी, उस्मानाबादी शेळ्या यांच्यात गेली. मांजर आमच्याकडे पूर्वी घराचं असायचं, घरातलं नसायचं. ते उंदीर धरायचं, पडवीत झोपायचं आणि परसात कुठेतरी माती उकरून मोकळं व्हायचं. लघवी झाली की नाही, हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आता ती घरात आली आहेत, डब्यातल्या वाळूत बसतात, आणि तो डबा रोज काहीतरी सांगत असतो. या प्रकरणात डब्याने सांगितलेलं एका लेकराने ऐकलं होतं. मोठ्यांपैकी कुणी त्याला विचारलं नाही. मीही नाही.

मंगळवार, रात्री नऊ

औशाच्या अलीकडे एका गावात गाय अडली होती. वासराचा एक पाय मागे दुमडलेला, माझा हात खांद्यापर्यंत आत. फोन वाजला तो गायवाल्याच्या पोराने माझ्या कानाला धरला. पलीकडून ढब्याच्या घरची सून बोलत होती, मागे भांड्यांचा आणि पाहुण्यांचा गलका. त्याच दुपारी लग्न लागलं होतं.

“डॉक्टरसाब, मांजर कालपासनं सारखं कुंथलालंय. खाईना. दोन दिवस झालं, शी केलेली दिसंना.”

मी विचारलं, लग्नातलं काही खाल्लं का? त्या म्हणाल्या, कुणी पुरीबिरी टाकली असेल. मी म्हणालो, पोट साफ झालं नसेल, लिक्विड पॅराफिन एक चमचा पाजा आणि उद्या सकाळी घेऊन या. फोन मिनिटभरही चालला नसेल. वासरू पाऊण तासाने जिवंत बाहेर आलं आणि मी समाधानाने घरी जाऊन झोपलो.

हा माझा चुकलेला क्षण. बोका कुंथतो असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न लघवीचा असायला हवा, तो मी विचारला नाही. मांजर लघवीला जोर लावतं तेव्हाही ते तसंच पाठ वाकवून, शेपटी थोडी उचलून बसतं. बघणाऱ्याला ते शी करायला बसल्यासारखंच वाटतं. सुनेने जे पाहिलं ते सांगितलं. त्याचा अर्थ लावणं माझं काम होतं. शेळ्यांत हेच मी रोज ओळखतो. खच्ची केलेला बोकड मागचे पाय ताणून उभा राहिला, शेपटी हलवू लागला की गावातला पोरगाही म्हणतो, मुतखडा अडकलाय. माझ्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट मांजराच्या बाबतीत माझ्या डोक्यात आली नाही, कारण त्या वेळी माझं डोकं गायीत होतं. कारण खरं आहे, पण ढब्याच्या तेरा तासांची भरपाई त्याने होत नाही.

नराचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. शिश्नाच्या टोकाशी तो मिलिमीटरभरही रुंद नसतो. मादीचा आखूड आणि रुंद, म्हणून माद्यांमध्ये लघवी जळजळते, रक्त पडतं, पण मार्ग पूर्ण बंद होणं क्वचितच घडतं. नरात मात्र थोडा चिकट स्राव आणि त्यात अडकलेले बारीक स्फटिक एवढ्याने बूच बसतं. कधी बूचही नसतं, नुसती सूज आणि स्नायूंची आकडी पुरते. एकदा वाट पूर्ण बंद झाली की दिवस-दीड दिवसात रक्तात विष साचायला लागतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास प्राणी जातो. त्यामुळे “उद्या सकाळी घेऊन या” हे उत्तर या तक्रारीला कधीच नसतं.

बुधवार, सकाळी दहा

आजी, सून आणि नातू तिघं आले. ढब्या कापडी पिशवीत, फक्त तोंड बाहेर. पहाटे दोनदा उलटी झालेली. रात्री ओरडत होता, पहाटेपासून शांत होता, त्यामुळे घरच्यांना वाटलं होतं की उतार पडला. ही शांतता फार फसवी असते. दुखण्याला आवाज देण्याइतकीही ताकद तेव्हा उरलेली नसते.

ताप मोजला तर 95.8 अंश फॅरनहाइट. मांजराचं ठीक तापमान 100.5 ते 102.5 असतं. ठोके मिनिटाला 108. घाबरलेल्या मांजराचे ठोके दवाखान्यात 200 च्या घरात जातात, आणि हा घाबरलेला असूनही 108. पोटाला हात लावला आणि मला काल रात्रीचा फोन शब्दन् शब्द आठवला. मूत्राशय मोसंबीएवढं आणि दगडासारखं टणक. हलकं दाबून एक थेंब आला नाही. जोराने दाबायचं नसतंच. तटतटलेलं मूत्राशय हाताखाली फुटू शकतं. शिश्नाचं टोक चाटून चाटून जांभळं पडलेलं.

मी विचारलं, शेवटची लघवी कधी केली? सून आजींकडे बघायला लागल्या, आजी सुनेकडे. तेव्हा नातू म्हणाला, “वाळू सोमवारपासनंच कोरडी हाय. मी सांगितलेलं, पण समदे हळदीच्या गडबडीत होते.”

मी त्याला विचारत गेलो आणि तो सांगत गेला. सोमवारी दुपारी ढब्या दहा-बारा वेळा वाळूत जाऊन आला. संध्याकाळी नुसत्या जमिनीवर बसला, तिथे गुलाबी दोन थेंब पडले. मंगळवारी काहीच नाही. रोगाचा असा नेमका इतिहास मला चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही क्वचित मिळतो. घरी कळल्यापासून चाळीस तासांच्या वर गेले होते.

घरच्यांना मी सगळं उघड सांगितलं. काल रात्री मी चुकलो, हेही. उपाय दोन होते : आत्ता वाट मोकळी करून दोन-तीन दिवस ठेवून घेणं, ज्यात तो टेबलावरही जाऊ शकतो, किंवा यातना संपवणं. घरी सोडून वाट बघणं हा तिसरा उपाय मी मांडला नाही, कारण तो मृत्यूच आहे आणि फार वेदनेचा. मुलाला फोन लागला. लग्नाचा खर्च नुकताच होऊन गेलेला, मांडवाचं देणं बाकी. ते म्हणाले, मांजराला एवढे पैसे? प्रश्न रास्त होता आणि त्याचा मला राग आला नाही. आजींनी फोन हातात घेतला, “माझ्या औषधाच्या पैशातून दे,” म्हणाल्या आणि बंद केला. मी माझं शुल्क घेतलं नाही. औषधं, सलाईन, तपासण्या मिळून शेवटी साडेपाच हजारांच्या आसपास गेले.

टेबलावर

अशा वेळी हात आधी नळीकडे जातो, पण आधी हृदय सांभाळावं लागतं. शरीरातलं जादा पोटॅशियम लघवीतून बाहेर जातं. वाट बंद झाली की ते रक्तात चढत राहतं, आणि हृदयाच्या स्नायूतला विजेचा खेळ मंदावतो. ठोके कमी पडलेला तुंबलेला बोका थेट भुलीखाली घेतला तर तो भुलीतच जातो. रक्त समोरच्या माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं, पण अहवालाची वाट पाहिली नाही. 108 ठोके आणि गार अंग एवढा पुरावा पुरेसा होता.

पुढच्या पायाची शीर धरली. सलाईन सुरू केलं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट 5 मिली, घड्याळ लावून, दहा मिनिटांत, कानाला स्टेथोस्कोप लावूनच दिलं. दुग्धज्वराने बसलेल्या गायीला आम्ही कॅल्शियमची 450 मिलीची अख्खी बाटली चढवतो. तीच सवय असलेल्या हाताला इथे थेंबाथेंबाने जायचं होतं. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही. ते फक्त हृदयाला थोडा वेळ आधार देतं. तेवढ्यात पातळ केलेलं ग्लुकोज द्यायचं, म्हणजे पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. पंधरा मिनिटांत ठोके 150 वर आले. आजी दारात उभ्या होत्या, त्यांना मी बोटांनी खूण केली.

मग पोटातून बारीक सुई मूत्राशयात घालून 120 मिली लघवी काढली, गडद लाल चहासारखी. मूत्राशयावरचा ताण उतरला की नळी घालताना मागून जोर कमी होतो आणि बूच मागे सरकायला जागा मिळते. त्यानंतर दुखणं शमवणारं इंजेक्शन आणि हलकी भूल.

पहिल्यांदा नळी शिरलीच नाही. टोकापासून सेंटिमीटरभर आत घट्ट बूच होतं. सलाईनच्या 22 नंबरच्या इंट्राकॅथची सुई काढून टाकली, नुसती मऊ प्लास्टिकची नळी टोकाशी धरली आणि निर्जंतुक सलाईन हलक्या दाबाने आत-बाहेर करत राहिलो. इथे जोर करणारा हरतो. मूत्रमार्ग फाटला तर पुढची सगळी लढाई अवघड. वीस मिनिटांनी टूथपेस्टसारखा पांढुरका, दाणेदार गोळा सटकन बाहेर आला आणि मागोमाग रक्ताळलेली धार. तेव्हा माझ्याही पोटातली गाठ सुटली.

मग मांजरासाठीचा 3.5 फ्रेंच मापाचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, जो मी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून मागवून कपाटात ठेवला होता, तो आत सरकवून टाक्यांनी बांधला आणि सलाईनच्या नळीने रिकाम्या पिशवीला जोडला. अहवाल आला : पोटॅशियम 9.1, मूत्रपिंडाचं काम किती बिघडलं ते दाखवणारं क्रिएटिनिन 8.7. पोटॅशियम साडेपाचच्या खाली हवं असतं.

एक्स-रेत खडा दिसला नाही. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रुव्हाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक भरपूर. स्फटिक दिसले म्हणजे रोग झाला, असं नाही. धडधाकट मांजरांच्या लघवीतही ते सापडतात. ढब्याच्या बाबतीत दाट लघवी, सुजलेलं अस्तर आणि स्फटिक यांची एकाच जागी गाठ पडली होती.

पहिल्या बारा तासांत पिशवीत 500 मिली लघवी जमली. वाट मोकळी झाल्यावर मूत्रपिंडं असंच पाणी सोडत सुटतात, आणि जेवढं गेलं तेवढं सलाईनने भरून दिलं नाही तर तुंबण्यातून वाचलेला प्राणी कोरडा पडून जातो. म्हणून रात्री दर दोन तासांनी पिशवी मोजली आणि सलाईनचा वेग त्याप्रमाणे बदलला. माझ्या मदतनीसाने ती रात्र कुठलीही कुरकुर न करता जागवली. गुरुवारी दुपारी क्रिएटिनिन 3 च्या खाली आलं आणि ढब्याने मानेभोवतीच्या कॉलरसकट ताटली चाटली. शुक्रवारी दुपारी नळी काढली. शनिवारी सकाळपर्यंत त्याने माझ्या डोळ्यांसमोर तीनदा लघवी केली, तेव्हाच घरी सोडला.

घरी जाऊन पाहिलेलं

रविवारी संध्याकाळी मी त्या घरी गेलो. हे मी सहसा करत नाही, पण टेबलावर दिसतो तो शेवट असतो आणि मला सुरुवात बघायची होती.

मांडव अजून उतरवला नव्हता. ढब्याची एरवीची जागा खालच्या न्हाणीजवळ, तिथेच त्याचा वाळूचा डबा. लग्नाला तीसेक पाहुणे उतरले. एक आत्याबाई मांजराला भीत होत्या, शिवाय वरपक्ष यायच्या वेळी मांजर आडवं जायला नको म्हणून रविवारपासून त्याला माळवदावरच्या खोलीत कोंडलं. डबा खालीच राहिला, कारण न्हाणी पाहुण्यांना हवी होती आणि डबा तिथून हलवून परसात ठेवला होता. वर पुठ्ठ्याच्या खोक्यात नातवाने थोडी बांधकामाची वाळू घातली. मे महिन्यात माळवदावरची पत्र्याची खोली, खाली हळदीचा बँड, रात्री फटाके. आडवं जायला नको म्हणून कोंडलेलं मांजर तीन दिवसांत मरणाला टेकलं.

ताण आला की माणसाच्या पोटात गोळा येतो. मांजराचं मूत्राशय सुजतं. जंतू नसताना, खडा नसताना नुसत्या अस्वस्थतेने अस्तराला सूज येणं, रक्त पडणं, हे मांजरात नेहमी सापडतं. त्यात अनोळखी खोक्यात बसायला ते तयार नसतं आणि लघवी धरून ठेवतं. धरलेली लघवी दाटत जाते. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता. लेकीच्या लग्नात मांजराचा विचार मागे पडतो, पण मागे पडलेल्या त्या विचाराचं काय होतं ते सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून इथे लांबण लावतो आहे.

आणि पाणी. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी स्टीलची छोटी वाटी होती. त्यात तळाशी दोन बोटं पाणी, वर खाद्याचे कण आणि एक माशी. मी विचारलं, पाणी कधी बदलता? आजी म्हणाल्या, संपलं की भरते. उरलेलं कसं टाकायचं?

त्यांच्या आवाजात आळस नव्हता. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा टाक्यांतून 5 लाख लिटर, तेव्हा आजींनी रांगेत घागरी लावल्या होत्या. मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला ज्यांनी पाहिला, त्यांच्या हातून वाटीभर स्वच्छ पाणी मोरीत ओतलं जात नाही. नळ आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या घरात तर नाहीच. मांजराला मात्र शिळं, कोमट, खाद्य पडलेलं पाणी नको असतं. त्याचे पूर्वज वाळवंटातले. त्याला तहान लागते तीच कमी, कारण उंदरा-पाखराच्या मांसातच दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असतं आणि त्यावर त्याचं भागतं. कोरड्या दाण्यात पाणी असतं 8 ते 10 टक्के. ढब्या दिवसाला 70 ग्रॅम दाणे खायचा, म्हणजे खाण्यातून मिळायचं 7 मिली. सहा किलोच्या मांजराला सगळं मिळून अडीचशे ते तीनशे मिली लागतं. उरलेलं त्या वाटीतून यायला हवं होतं, आणि ती वाटी तर लग्नाचे तीन दिवस खालच्या घरात होती. वर एक प्लास्टिकचा डबा होता, उन्हाने तापलेला.

बोअरच्या क्षाराच्या पाण्याने खडा झाला का, असं सुनेने विचारलं. आमच्याकडे प्रत्येक जण हेच विचारतो. स्ट्रुव्हाइटची खनिजं मुख्यतः खाण्यातून येतात. ढब्याच्या बाबतीत पाणी कुठलं यापेक्षा किती पोटात गेलं, हा हिशेब मोठा होता. घरातली माणसं फिल्टरचं पाणी पितात, तेच त्यालाही द्या म्हणालो, कारण चव आवडली तर दोन घोट जास्त जातील.

मुलाने विचारलं, नसबंदी केल्यामुळे हे झालं का? बोकडांत लहान वयात खच्ची केल्याने मूत्रमार्ग अरुंद राहतो, हे खरं आहे, आणि मीही बरीच वर्षं तोच नियम मांजराला लावत होतो. मांजरात तसं आढळत नाही. नसबंदीनंतर भूक वाढते, हालचाल कमी होते आणि वजन चढतं, आणि जाड, घरात बसून असलेल्या बोक्यात हा आजार जास्त दिसतो. दोष चढू दिलेल्या वजनाचा. नसबंदी न केलेला बोका भांडून, भटकून, जखमांनी लवकर जातो. तो सल्ला मी बदललेला नाही.

मग आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि एकेक गोष्ट ठरवली. पाण्याच्या तीन वाट्या, मातीच्या पसरट परळ : एक ओट्याखाली, एक देवघराबाहेर, एक माळवदाच्या जिन्यात. खाण्याच्या ताटलीपासून लांब, कारण खाण्याशेजारचं पाणी पुष्कळ मांजरं टाळतात. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. आणि उरलेलं? नातू म्हणाला, तुळशीला. आजी लगेच हो म्हणाल्या. ज्या गोष्टीवर मला भाषण द्यावं लागेल असं वाटलं होतं, ती एका शब्दात सुटली. पाणी वायाही जात नव्हतं आणि मांजराला ताजंही मिळत होतं.

खाण्याचा प्रश्न एवढा सोपा नव्हता. मांजर भाजी-भाकरीवर जगत नाही. टॉरिनसारखे घटक त्याला मांसातूनच मिळावे लागतात, नाहीतर डोळे आणि हृदय जातं. म्हणून दूध-पोळीवर आणू का, या आजींच्या प्रश्नाला मी स्पष्ट नाही म्हणालो. ओल्या खाद्याचं पाकीट येतं, 85 ग्रॅमचं, त्यात सत्तर मिलीच्या आसपास पाणी असतं. पण त्याचा वास माळकरी घरात शिरणार. शेवटी असं ठरलं : ओलं खाद्य परसात, वेगळ्या ताटलीत, नातवाने घालायचं आणि ताटली परसातल्याच दगडावर घासायची. दिवसाला दोन पाकिटं, त्यात चार चमचे कोमट पाणी कालवून. उरलेली भूक मोजलेल्या कोरड्या दाण्यांवर. पहिले काही आठवडे लघवीच्या आजारासाठीचं खास खाद्य, जे स्ट्रुव्हाइट विरघळवतं. घराने आपलं व्रत सोडलं नाही आणि मांजराला त्याचं अन्न मिळालं. मला ही तडजोड आदराची वाटली.

वाळूचे डबे दोन झाले. नदीची वाळू आता सोन्याच्या भावाने मिळते, म्हणून सॉ मिलचा भुस्सा घेतला, पण एका डब्यात नातवाने हट्टाने चाळलेली बारीक वाळूच ठेवली, कारण ओल्या वाळूचा गोळा होतो आणि तो मोजता येतो.

दुसरा फोन

पुढच्या गुरुवारी रात्री अकराला आजींचा फोन. “डॉक्टरसाब, आज नऊ येळा डब्यात गेलं. थेंब थेंब पडतंय. आणू का सकाळी?”

मी म्हणालो, आत्ता. रिक्षाने चाळीस मिनिटांत आल्या. हात लावला तर मूत्राशय लिंबाएवढं, मऊ, जवळजवळ रिकामं. वाट मोकळी होती. अस्तराची सूज अजून उतरली नव्हती, म्हणून रिकामं असतानाही त्याला लघवी आल्यासारखं वाटत होतं. दुखणं कमी करणारं औषध दिलं आणि तासाभराने परत पाठवलं. आजींना वाटलं, उगाच त्रास दिला. मी त्यांना दोन्ही वेळचं पोट हाताने समजावून सांगितलं : त्या दिवशी असं, आज असं. बाहेरून दोन्ही मांजरं सारखीच दिसतात, सारखीच कुंथतात. फरक हाताला कळतो, फोनला कळत नाही. अशा दहा रिकाम्या फेऱ्या मला चालतील.

या रात्री त्यांनी एक चांगली गोष्ट केली होती : काहीही पाजलं नव्हतं. शेजारच्यांनी लिंबूपाणी, सातूचं पाणी सुचवलं होतं, कुणी तापाची गोळी अर्धी करून द्या म्हणालं होतं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचं यकृत ते ज्या रीतीने निकामी करतं ती रीत मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. अर्ध्या गोळीनेही रक्त तपकिरी पडून मांजर मरू शकतं. माझं पॅराफिनही त्या मंगळवारी वाया गेलं होतं. ते श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलं नाही, हे नशीब.

त्यानंतर वाट पुन्हा बंद झालेली नाही. झाली असती आणि वारंवार झाली असती तर शिश्नाचा अरुंद भाग काढून वाट रुंद करणारी शस्त्रक्रिया असते, ती मी करत नाही, मोठ्या शहरात पाठवावं लागलं असतं. तशी वेळ आली नाही. नोव्हेंबरात ढब्याचं वजन 5 किलो 300 ग्रॅम भरलं.

माझ्याकडे बदललं ते एवढं. टेबलावर फोनशेजारी एक कागद चिकटवला आहे आणि मदतनीसालाही पाठ आहे : नर की मादी? शेवटची लघवी कधी, कुणी पाहिली? डब्यात किती वेळा गेलं? उलटी झाली का? नर असेल आणि लघवी कुणी पाहिली नसेल तर पुढचा प्रश्न नाही, लगेच घेऊन या. मी गायीत हात घातलेला असलो तर मदतनीस दवाखाना उघडतो किंवा जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. आणि घरात लहान मूल असेल तर फोन त्याच्याकडे द्यायला सांगतो.

दिवाळसणाला नात आणि जावई आले, बरोबर बारा-पंधरा माणसं. आजींनी आठ दिवस आधी विचारून घेतलं होतं. या वेळी ढब्याला त्यांच्या स्वतःच्या खोलीत ठेवलं, त्याचाच डबा, त्याचीच परळ, त्याची गोधडी, आणि दाराला आतून कडी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले तसा तो पलंगाखाली गेला; आजी खाली सतरंजी टाकून त्याच्याजवळ बसून राहिल्या. पाडव्याला मी फराळाला गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली. मे महिन्यापासून प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला, वाळूचे ओले गोळे किती, तो. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन. लक्ष्मीपूजनाच्या चौकोनात एकच होता आणि त्याला गोल केलेला.

“रात्रभर एकच,” आजी म्हणाल्या. “पण सकाळी साडेसहाला मोठा गोळा केला. मग मी चहा घेतला.”